कुलूप दिसते, तरी पैसे जातात : खरेदीचे संकेतस्थळ खरे की बनावट, हे कसे तपासावे

तालुक्याच्या गावी मी ऑनलाइन अर्ज, बिले आणि दाखले यांचे केंद्र चालवतो. दिवाळीच्या आधीचे तीन आठवडे आणि लग्नसराई या दोन हंगामांत माझ्याकडे एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते. वेबसाइटवर कुलपाचे चिन्ह होते, पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस होते, पैसे मिळाल्याचा संदेशही आला, आणि वस्तू मात्र आलीच नाही किंवा भलतीच आली. ही तक्रार घेऊन येणारी माणसे बेफिकीर नसतात. कुलूप पाहूनच खरेदी करावी, असे त्यांना कोणीतरी कधीतरी सांगितलेले असते आणि त्यांनी ते मनापासून पाळलेले असते. दोष त्यांच्या डोळ्यांत नाही, त्या सल्ल्यात आहे.

गेल्या दिवाळीच्या सुमारास आमच्या प्राथमिक शाळेतल्या, आता निवृत्त झालेल्या बाई केंद्रावर आल्या. नातीच्या पहिल्या दिवाळसणासाठी त्यांनी मोबाइलवरच्या जाहिरातीतून ‘येवल्याची शुद्ध रेशमी, हातमागाची पैठणी’ १,४९९ रुपयांना मागवली होती. अकरा दिवस झाले तरी साडी आली नव्हती आणि दुकानाचे पानही उघडत नव्हते. “अरे, तूच सांगितलं होतंस ना, कुलूप बघून घेत जा म्हणून? मी बघितलं होतं,” असे त्या म्हणाल्या. मी तसे खरोखरच सांगितले होते. तीन आठवड्यांनी त्याच साड्यांचे तेच फोटो, तोच मजकूर आणि त्याच किमती दुसऱ्या नावाच्या संकेतस्थळावर पुन्हा झळकल्या आणि तिथेही कुलूप होतेच. एक दुकान बंद पडले की दुसरे उभे राहते, म्हणून ही समस्या सुटल्यासारखी वाटून परत येते. त्यामुळे बनावट दुकानांच्या नावांची यादी पाठ करून उपयोग नाही. प्रत्येक नव्या दुकानाची तपासणी कशी करायची, तेच शिकावे लागते.

कुलूप नेमके काय सांगते

तुमचा मोबाइल आणि ते संकेतस्थळ यांच्यामध्ये जी माहिती ये-जा करते, ती वाटेत कोणाला वाचता किंवा बदलता येणार नाही, एवढेच कुलूप सांगते. आपण चिठ्ठी पाकिटात घालून डकवतो, तेव्हा पोस्टमनला ती वाचता येत नाही. पण ज्याच्या पत्त्यावर ती चालली आहे तो माणूस सज्जन आहे की नाही, याची हमी पाकीट देत नाही. चोराच्या पत्त्यावर पाठवलेली चिठ्ठीसुद्धा तितक्याच सुरक्षितपणे पोहोचते. बाईंच्या पैशांचे नेमके असेच झाले.

पूर्वी या खुणेला जरा अधिक अर्थ होता, कारण त्यामागचे प्रमाणपत्र विकत घ्यावे लागे आणि त्यासाठी खटाटोप करावा लागे. २०१५ च्या अखेरीस लेट्स एन्क्रिप्ट या ना-नफा सेवेने अशी प्रमाणपत्रे सर्वांना मोफत द्यायला सुरुवात केली. इंटरनेटच्या दृष्टीने ही फार चांगली गोष्ट झाली आणि तिच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. पण ते प्रमाणपत्र देताना ‘हे नाव तुमच्या ताब्यात आहे का’ एवढेच यंत्राने तपासले जाते. नावामागे कोण माणूस आहे, त्याचे दुकान कुठे आहे, हे विचारले जात नाही आणि सगळे काम काही मिनिटांत उरकते. पुढे जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर कुलूप नसलेल्या साध्या एचटीटीपी पानांवर ‘सुरक्षित नाही’ असा शेरा दाखवू लागला, तेव्हा खऱ्या दुकानांबरोबर बनावट दुकानांनीही कुलूप लावून घेतले. २०२१ मध्ये गुगलने केलेल्या पाहणीत या खुणेचा अचूक अर्थ फक्त ११ टक्के सहभागींना सांगता आला होता. अखेर सप्टेंबर २०२३ मध्ये संगणकावरच्या क्रोममधून कुलपाचे चित्रच काढून टाकण्यात आले आणि त्या जागी सेटिंगसारखी दिसणारी खूण आली, म्हणून आता ‘कुलूप कुठे गेले’ असे विचारणारेही केंद्रावर येतात.

म्हणून कुलपाचा उपयोग उलट्या बाजूने करावा. एचटीटीपीएस नसेल किंवा ब्राउझर ‘सुरक्षित नाही’ असे सांगत असेल, तर तिथे नाव, पत्ता, पासवर्ड काहीही न लिहिता पान बंद करावे. एचटीटीपीएस असेल, तर तपासणी आता सुरू झाली आहे, संपलेली नाही, असे समजावे. पानाच्या तळाशी असलेल्या ‘शंभर टक्के सुरक्षित खरेदी’ अशा शिक्क्यांना तर कुलपाइतकाही अर्थ नाही, कारण ती नुसती चित्रे असतात आणि कोणालाही उचलून लावता येतात. शिक्का खरा असेल तर त्यावर बोट ठेवल्यावर तो देणाऱ्या संस्थेचे पान उघडते आणि त्यावर या दुकानाचे नाव दिसते.

पत्ता शेवटाकडून वाचावा

जाहिरातीवर बोट ठेवल्यावर दुकान बहुतेक वेळा त्या समाजमाध्यमाच्या ॲपच्या आतच उघडते आणि तिथे पत्ता अर्धवट दिसतो किंवा दिसतच नाही. त्यामुळे पहिले काम म्हणजे कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर जाऊन ते पान नेहमीच्या ब्राउझरमध्ये उघडणे आणि वरच्या पट्टीवर टिचकी मारून पूर्ण पत्ता नजरेसमोर आणणे.

एचटीटीपीएसनंतरच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढे जी पहिली तिरकी रेघ येते, तिच्या आधीचाच भाग मालकी सांगतो आणि तोही उजवीकडून डावीकडे वाचायचा असतो. समजा, पत्ता ‘आमचेदुकान डॉट कॉम डॉट दिवाळीऑफर डॉट शॉप’ असा आहे. घाईत डोळा ‘आमचेदुकान डॉट कॉम’ वर थांबतो आणि ओळखीचे नाव दिसले म्हणून मन निर्धास्त होते. प्रत्यक्षात ते संकेतस्थळ ‘दिवाळीऑफर डॉट शॉप’ या नावाच्या मालकाचे आहे. त्याच्या डावीकडे त्याला हवे ते शब्द लिहिता येतात, जसे भाड्याच्या गाळ्यावर कोणी कोणाच्याही नावाची पाटी लावावी. शेवटी ‘डॉट को डॉट इन’ असेल, तर त्याच्या लगेच डावीकडचा शब्द हे मालकाचे नाव असते.

अक्षरांची फसवणूकही असते. रोमन ‘आर’ आणि ‘एन’ ही छोटी अक्षरे शेजारी आली की लहान पडद्यावर ती ‘एम’सारखी दिसतात. ‘एल’च्या जागी एकचा आकडा आणि ‘ओ’च्या जागी शून्य तर नित्याचेच आहे. रशियन लिपीतला ‘अ’ रोमन ‘ए’पासून डोळ्यांनी वेगळा ओळखताच येत नाही, अशा मिश्र नावांना ब्राउझर पुष्कळदा ‘एक्सएन’ आणि त्यापुढे दोन आडव्या रेघा अशा रूपात उघडे पाडतो, म्हणून एखाद्या ओळखीच्या दुकानाचा पत्ता असा दिसला तर तिथे थांबू नये. ज्या दुकानात तुमचे खाते आधीपासून आहे, तिथला पासवर्ड मोबाइल एरवी आपोआप भरतो आणि आज भरत नाही, असे झाले तर त्याकडेही नीट लक्ष द्यावे. यंत्र दिसण्याला फसत नाही, ते पत्ता अक्षरन् अक्षर जुळवते.

दुकानाचे वय

नावाची नोंदणी कधी झाली, हे कोणालाही पाहता येते. नावांचा जागतिक कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या संकेतस्थळावर नोंदणी शोधण्याची सोय आहे. ‘डॉट इन’ने संपणारी नावे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया या संस्थेकडे असतात. मालकाचे नाव तिथे बहुधा झाकलेले असते, पण नोंदणीची तारीख झाकलेली नसते. बाईंच्या दुकानाने पानावर ‘तीन पिढ्यांची परंपरा’ असे लिहिले होते आणि नावाची नोंदणी जाहिरात येण्याच्या केवळ एकोणीस दिवस आधीची होती. नवे दुकान म्हणजे फसवे दुकान, असे मात्र मी म्हणणार नाही. बचत गटातल्या कितीतरी बायका आत्ता कुठे आपले पान उभे करत आहेत आणि त्यांना गिऱ्हाईक मिळाले पाहिजे. जुनेपणाचा दावा आणि नोंदणीची तारीख यांचा मेळ बसत नसेल, तेव्हाच तो इशारा समजावा.

फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरच्या पानांच्या बाबतीतही ‘पानाविषयी पारदर्शकता’ किंवा ‘या खात्याविषयी’ अशा मथळ्याखाली ते कधी तयार झाले आणि त्याचे नाव कितीदा बदलले, हे बऱ्याचदा दिसते. आज साड्या विकणारे पान कालपर्यंत भलत्याच विषयाच्या नावाने चालत होते, असे तिथे आढळले तर मग दुकानाच्या परंपरेविषयी अधिक विचारण्याची गरज उरत नाही.

दुकानदार कोण आहे

माझ्या मते सगळ्या तपासणीचा गाभा इथे आहे आणि लोक सर्वांत कमी वेळ इथेच देतात. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २३ जुलै २०२० रोजी अधिसूचित झाले. त्यांनुसार ऑनलाइन विक्री करणाऱ्या आस्थापनेने आपले कायदेशीर नाव, मुख्य कार्यालयाचा भौगोलिक पत्ता, ग्राहक सेवेचा ईमेल व दूरध्वनी आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व संपर्क हे सारे ठळकपणे दिले पाहिजे. तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि तिचा निकाल एका महिन्यात लावणे हेही त्या नियमांत आहे. म्हणजे ‘आमच्याशी संपर्क साधा’ या पानावर फक्त एक व्हॉट्सॲप क्रमांक किंवा नुसता रिकामा अर्ज असेल, तर त्या दुकानाने पहिल्याच पायरीवर कायदा पाळलेला नाही.

पानाच्या तळाशी जीएसटी क्रमांक दिलेला असला, तर तो पाहून समाधान मानू नये, तो वाचावा. त्यात १५ अक्षरे-अंक असतात. पहिले दोन अंक राज्याचे : महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०, गुजरातचे २४, दिल्लीचे ०७. पुढची दहा अक्षरे म्हणजे त्या व्यावसायिकाचा पॅन, आणि पॅनचे चौथे अक्षर, म्हणजेच जीएसटी क्रमांकातले सहावे, मालक कोणत्या प्रकारचा आहे ते सांगते : ‘पी’ असेल तर एक व्यक्ती, ‘एफ’ असेल तर भागीदारी, ‘सी’ असेल तर कंपनी. एखादे दुकान स्वतःला ‘प्रायव्हेट लिमिटेड’ म्हणवते आणि त्या जागी ‘पी’ आहे, तर दोन्हींपैकी एक गोष्ट खोटी आहे. त्यानंतर जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर ‘सर्च टॅक्सपेयर’ या सोयीत जाऊन तो क्रमांक घालावा. त्यासाठी खाते उघडावे लागत नाही. कायदेशीर नाव, व्यापारी नाव, नोंदणीची तारीख, नोंदणी चालू आहे की रद्द झाली आहे आणि व्यवसायाची मुख्य जागा, हे समोर येते.

बाईंच्या दुकानाचा क्रमांक मी त्यांच्या समोरच तपासला, कारण त्यांनी मागणी नोंदवताना घेतलेल्या स्क्रीनशॉटमध्ये तो सुदैवाने आला होता. दुकानाने पत्ता येवल्याचा दिला होता आणि क्रमांक ०७ ने सुरू होत होता. पोर्टलवर तो खरा निघाला, पण तो दिल्लीतल्या यंत्रांचे सुटे भाग विकणाऱ्या एका भलत्याच आस्थापनेचा होता. कुठल्यातरी बिलावरून उचलून इथे चिकटवलेला. क्रमांक खरा आहे की नाही एवढे पाहून थांबलो असतो, तर आम्ही पुन्हा फसलो असतो. क्रमांकामागचे नाव, राज्य आणि धंदा या तिन्ही गोष्टी दुकानाशी जुळतात का, हे पाहायचे असते.

इथे एक सावधगिरी मुद्दाम सांगतो. लहान घरगुती व्यावसायिकाकडे जीएसटी नोंदणी नसणे कायद्याला धरून असू शकते, त्यामुळे क्रमांक नाही एवढ्यावरून कोणाला फसवे ठरवू नये. अशा वेळी दूरध्वनी करावा, प्रत्यक्ष पत्ता विचारावा, व्हिडिओ कॉलवर माल दाखवायला सांगावे. खरा विकणारा हे आनंदाने करतो. खाण्याचे पदार्थ विकणाऱ्यांच्या बाबतीत अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक असतो आणि तोही त्या प्राधिकरणाच्या पोर्टलवर पडताळता येतो.

‘परतावा धोरण’ आणि ‘गोपनीयता धोरण’ ही पाने कोणी वाचत नाही, हे बनावट दुकानदाराला पक्के ठाऊक असते, म्हणून तो ती दुसरीकडून जशीच्या तशी उचलतो. त्यांतले एक लांबसे वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधावे. दहा वेगवेगळ्या नावांच्या दुकानांत तेच वाक्य सापडते, आणि एखाद्या ठिकाणी मूळ दुकानाचे नाव पुसायचेही राहून गेलेले असते.

माल, किंमत आणि उलटे चालणारे घड्याळ

किमतीविषयी ‘फार स्वस्त असेल तर संशय घ्या’ असे सगळेच सांगतात, पण स्वस्त म्हणजे किती, हे त्या वस्तूची जाण असल्याशिवाय कळत नाही. हातमागावर रेशमाची पैठणी विणायला कित्येक दिवस, आणि पदरावर मोरांचे किंवा कमळांचे दाट काम असेल तर कित्येक महिने लागतात. त्या मजुरीचा नुसता अंदाज केला तरी १,४९९ रुपयांत ती बसत नाही, हे लगेच ध्यानात येते. यंत्रमागावरची किंवा कृत्रिम धाग्याची पैठणीच्या नक्षीची साडी त्या किमतीत मिळू शकते आणि ती तशी सांगून विकण्यात काहीच गैर नाही. खोटेपणा ‘शुद्ध रेशीम, हातमाग’ या शब्दांत आहे. हातमागाच्या अस्सल पैठणीच्या काठा-पदराची नक्षी उलट्या बाजूनेही सुलट बाजूसारखीच स्वच्छ दिसते. म्हणून विकणाऱ्याकडे पदराच्या उलट बाजूचा फोटो आणि शुद्ध रेशमाची खूण असलेल्या सिल्क मार्कच्या लेबलाचा फोटो मागावा. बाईंना मी हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “माझ्या आईची पैठणी अजून पेटीत आहे, तिची उलटी बाजू मी हजारदा बघितली आहे. मला हे विचारायचं सुचलंच नाही.”

सुचले नाही याचे कारण पानावर उलटे चालणारे घड्याळ होते. ‘सवलत संपायला १४ मिनिटे उरली’ किंवा ‘फक्त दोन नग शिल्लक’ अशा पाट्यांचा हेतू एकच असतो, की माणसाने विचार करू नये. ते घड्याळ खरे आहे का, हे तपासायला अर्धा मिनिट लागतो : पान बंद करून ब्राउझरच्या खासगी खिडकीत पुन्हा उघडावे. घड्याळ पुन्हा त्याच आकड्यापासून सुरू झाले, तर सवलत कधीच संपणार नव्हती. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा १३ फसव्या युक्त्या नोंदवल्या आहेत आणि खोटी घाई निर्माण करणे ही त्यांतलीच एक आहे.

फोटोंसाठी गुगल लेन्स, म्हणजे फोटोवरून शोध घेण्याची सोय, पुरेशी आहे. तोच पदर, तीच खिडकी, तोच पितळी समईचा कोपरा दुसऱ्या एखाद्या जुन्या दुकानाच्या पानावर दिसला, तर मूळ दुकान कोणाचे ते कळते. दुकानाच्या स्वतःच्या पानावरचे अभिप्राय मी वाचत नाही आणि कोणाला वाचायलाही सांगत नाही, कारण ते लिहिणे आणि पुसणे मालकाच्याच हातात असते. दुकानाच्या नावापुढे ‘तक्रार’ किंवा ‘फसवणूक’ हा शब्द मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत घालून शोधले, तर अधिक उपयोगाचे काही हाती लागते. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे पोर्टलवर संशयितांचा शोध घेण्याची सोय आहे, तिथे संकेतस्थळाचा पत्ता, मोबाइल क्रमांक किंवा यूपीआय आयडी घालून आधी कोणी तक्रार केली आहे का, ते पाहता येते. नव्याने उभ्या राहिलेल्या दुकानाचे नाव तिथे नसणे मात्र त्याच्या बाजूचा पुरावा धरू नये.

पैसे भरण्याचा क्षण

इथपर्यंत सगळे ठीक वाटले तरी शेवटची खरी तपासणी पैसे भरताना होते, कारण दुकानाला नाव बदलता येते, पण पैसे कुठल्यातरी खऱ्या खात्यातच घ्यावे लागतात. यूपीआयने पैसे देताना पिन टाकण्याआधी पडद्यावर घेणाऱ्याचे नाव येते. दुकान ‘अमुक सिल्क्स’ आणि नाव एखाद्या अनोळखी व्यक्तीचे, असे असेल तर तिथेच मागे फिरावे. बाईंना त्या पानावर ‘पेमेंट गेटवे (म्हणजे पानावरच पैसे भरण्याची सोय) तात्पुरते बंद आहे’ असे सांगून व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड पाठवला गेला होता आणि पडद्यावर आलेले नाव दुकानाचे नव्हते. त्यांनी ते वाचले होते; दुकानाच्या मालकाचे असेल, असे त्यांना वाटले. मला विचाराल तर पेमेंट गेटवे बंद असल्याचे सांगून बाहेरच्या क्यूआरवर पैसे मागणे ही एकच गोष्ट व्यवहार सोडून देण्यास पुरेशी आहे, बाकी काहीही तपासले नाही तरी चालेल.

अनोळखी दुकानात शक्यतो क्रेडिट कार्ड वापरावे, कारण वस्तू मिळाली नाही तर बँकेकडे वाद उपस्थित करता येतो आणि पैसे परत मागण्याची ठरलेली पद्धत आहे, तिला चार्जबॅक म्हणतात. एखाद्या व्यक्तीच्या खात्यावर यूपीआयने आपणच पिन टाकून पाठवलेले पैसे हातात रोख दिल्यासारखे असतात. भारतातल्या दुकानाला १ ऑक्टोबर २०२२ पासून ग्राहकाच्या कार्डाचा पूर्ण क्रमांक स्वतःकडे साठवता येत नाही, त्याऐवजी टोकन, म्हणजे त्या क्रमांकाच्या जागी दिलेला पर्यायी संकेतांक, वापरावे लागते. म्हणून कार्डाच्या पुढच्या-मागच्या बाजूचा फोटो मागणारे दुकान कोणत्याही सबबीखाली खरे नसते. परदेशी दुकानांत ओटीपीशिवायही कार्डावरून पैसे कापले जाऊ शकतात, ही बाब आखाती देशांत किंवा अमेरिकेत मुले असलेल्या आमच्या गावच्या पालकांना ठाऊक नसते. मुलांनी पाठवलेल्या लिंकवरून ते बिनधास्त कार्ड घालतात. बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार आणि ऑनलाइन व्यवहार स्वतंत्रपणे बंद-चालू करण्याची आणि मर्यादा घालण्याची सोय असते. परदेशी व्यवहार एरवी बंद ठेवावेत आणि गरजेपुरतेच उघडावेत.

वस्तू हातात पडल्यावर पैसे देण्याच्या पद्धतीला लोक पूर्ण सुरक्षित मानतात, पण पेटी उघडण्याआधी पैसे द्यावे लागत असतील तर आत दगड आहे की साडी, हे कसे कळणार? पेटीवरची चिठ्ठी दिसेल अशा रीतीने चित्रण सुरू करून, न थांबवता पेटी उघडावी. पुढे तक्रार करावी लागली तर तोच सर्वांत उपयोगी पुरावा ठरतो.

पैसे गेल्यानंतर

पहिल्या काही तासांना फार किंमत आहे, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात आणि तिथून एटीएमपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. १९३० हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. तिथे तक्रार नोंदली की संबंधित बँकांना कळवून पैसे ज्या खात्यात असतील तिथे रोखण्याचा प्रयत्न होतो. फोन करताना व्यवहाराचा १२ अंकी यूपीआय संदर्भ क्रमांक, तारीख, वेळ, रक्कम आणि घेणाऱ्याचा यूपीआय आयडी हाताशी ठेवावा. त्याच वेळी आपल्या बँकेलाही कळवावे. बाई अकराव्या दिवशी आल्या, तोवर ते खाते रिकामे झाले होते आणि त्यांचे पैसे परत मिळाले नाहीत. आठवडाभर वाट पाहावी, उगाच कोणावर आळ घेऊ नये, असे त्यांना वाटले होते. सज्जन माणसाला असेच वाटते. म्हणून मी आता सांगतो की दुकानाचे पान उघडेनासे झाले किंवा त्यांनी तुमचा क्रमांक ब्लॉक केला, त्याच दिवशी फोन करावा. तक्रार नोंदवणे म्हणजे कोणाला शिक्षा देणे नव्हे.

दुकान खरे आहे, पत्ता आहे, माणसे फोन उचलतात, पण वस्तू सदोष आहे किंवा परतावा देत नाहीत, अशी स्थिती असेल तर तो सायबर गुन्हा नसून ग्राहक तक्रार आहे आणि तिच्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. विकणारा दिल्लीत असला तरी दिल्लीला जावे लागत नाही.

याच टप्प्यावर दुसरी फसवणूक होते आणि ती पहिलीपेक्षा मोठी असते. रागाने किंवा घाबरून माणूस गुगलवर ‘अमुक दुकान कस्टमर केअर’ असे शोधतो आणि तिथे भामट्यांनी पेरून ठेवलेला क्रमांक त्याला मिळतो. पलीकडचा माणूस गोड बोलतो, “काका, रिफंड मंजूर झालाय, फक्त हे ॲप टाका आणि पिन टाका,” असे सांगतो आणि मोबाइलचा पडदा त्याच्या ताब्यात जातो. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. अशा वेळी पिन टाकला की पैसे जातातच. ‘पत्ता अपूर्ण आहे, पाच रुपये भरा’ असे कुरिअरचे संदेश येतात, त्यांचाही प्रकार हाच. नोंदणीकृत आस्थापनेचा संदेश दहा अंकी मोबाइल क्रमांकावरून येत नाही, तो अक्षरांच्या ठरावीक नावाने येतो आणि आता त्याच्या शेवटी आडव्या रेघेपुढे जाहिरातीसाठी ‘पी’, सेवेसाठी ‘एस’, व्यवहारासाठी ‘टी’ आणि सरकारी असल्यास ‘जी’ हे अक्षर असते.

तेच दुकान दुसऱ्या नावाने पुन्हा दिसले, तर आपले पैसे आधीच गेले आहेत म्हणून गप्प बसू नये. बाईंनी नव्या दुकानाच्या पानाचे पूर्ण पत्त्यासह स्क्रीनशॉट घेतले, जाहिरातीखालच्या तीन ठिपक्यांतून ती फसवी असल्याचे कळवले आणि सायबर पोर्टलवर आपल्या जुन्या तक्रारीचा क्रमांक देऊन नवा पत्ता, नवा मोबाइल क्रमांक आणि नवा यूपीआय आयडी संशयित म्हणून नोंदवला. चार दिवसांनी ते पान उघडेनासे झाले. ते कोणाच्या तक्रारीमुळे बंद झाले की नेहमीप्रमाणे मालकानेच गुंडाळले, हे आम्हांला कळलेले नाही. पण पुढच्या वेळी त्याच आयडीवर कोणी पैसे पाठवण्याआधी शोध घेतला, तर बाईंची नोंद तिथे सापडेल. नातीच्या सणासाठी त्यांनी शेवटी पेटीतली आईची पैठणी बाहेर काढली आणि तिच्या पदराची उलटी बाजू मोबाइलवर नीट उजेडात टिपून घेतली. पुढची साडी मागवण्याआधी विकणाऱ्याला ‘असा फोटो पाठवा’ म्हणून त्या तोच फोटो पाठवणार आहेत.